बाळ कुणाच्या वाट्याला

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? आता अशी कल्पना करा की तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि वर्षातला तुमचा सगळ्यात लाडका दिवस उजाडलाय. वाढदिवस नव्हे, नाताळही नव्हे. आज मार्दी ग्राच्या, म्हणजे ईस्टरच्या उपवासांपूर्वीच्या सणाच्या, आधीचा शनिवार आहे. घरासमोरचा रस्ता पोलिसांनी सकाळीच गाड्यांना बंद केलाय. समोरच्या ओकच्या फांद्यांत गेल्या वर्षीच्या मण्यांच्या माळा अजून लोंबताहेत. शेजारच्या म्हातारीने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला गुलाबी झगा घातलाय आणि तो बिचारा पायरीवर बसून लोकांकडे बघायचं टाळतोय. दुपारी याच रस्त्याने मिरवणूक जाणार, सगळी गुलाबी. विद्यापीठाच्या तळ्यात कितीतरी दिवस उभे असलेले लाकडी फ्लेमिंगो लोकांनी दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे पहाटे होड्या घालून कधीच पळवलेत, आणि त्यातला एक तुमच्याही व्हरांड्यात उभा आहे.

आता त्याच कल्पनेत आणखी एक गोष्ट घाला. घरातली मोठी माणसं तुमच्या आजोबांना विसरभोळे ठरवताहेत. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या शब्दाला कुणी किंमत देत नाही.

उघडा डोळे. बॅटन रूजच्या स्पॅनिश टाउन मोहल्ल्यात, त्या सकाळी, नोएली पोशेची गत नेमकी अशी झाली होती.

सुरुवात मात्र गोड झाली होती. अगदी शब्दशः गोड. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून नोएली आणि तिचे आजोबा, म्हणजे पॉपॉ, स्वयंपाकघरात शिरले होते. आजी व्हर्ना गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या हाताचा किंग केक, या सणाचा खास केक, आता मिळणार नव्हता, म्हणून पॉपॉने आदल्या संध्याकाळी स्वतःच पीठ मळून, वेणी घालून, गोल वळून तो भाजला होता. जरा वाकडा झाला होता. जांभळी, हिरवी, पिवळी साखर वर भुरभुरल्यावर वाकडेपणा लपला.

"आता बाळ," पॉपॉ म्हणाला.

बाळ म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, गुलाबी प्लास्टिकचं. भाजताना आत ठेवलं तर वितळतं, म्हणून ते नंतर, केक गार झाल्यावर, खालच्या बाजूने आत सारायचं. नोएलीने दोन्ही हातांनी केक तिरपा धरला आणि पॉपॉने अंगठ्याने बाळ आत ढकललं.

"बघितलंस कुठे घातलं?"

"नाही," नोएली म्हणाली. तिने डोळे मुद्दाम मिटून घेतले होते. पण केक हातात थरथरला तो तिला कळला होता. बाळ आत गेलं होतं, यात शंका नव्हती.

पोशेंच्या घरी या बाळाचा कायदा कडक होता. दुसरीकडे ज्याला बाळ सापडतं त्याने पुढचा केक विकत आणला की झालं. इथे तसं नव्हतं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, पुढच्या वर्षीची मिरवणूक त्याची. याच घरात, याच चुलीवर, त्याने सगळ्यांना गम्बो, म्हणजे कोंबडी-सॉसेजचा दाट रस्सा, करून घालायचा. सबब चालत नाही. एका वर्षी बाळ शेजारच्या पाद्रीबाबांना निघालं होतं, तर पुढच्या वर्षी पाद्रीबाबा ॲप्रन बांधून चुलीशी उभे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा सगळ्या बाळांची रांग होती. जुनी चिनी मातीची, नंतरची प्लास्टिकची. एकाचा पाय कुत्र्याने खाल्ला होता. गेल्या वर्षीचं पॉपॉचं होतं, म्हणून आजचा गम्बो त्याचा.

*

रसेल मामा आदल्या रात्रीच डॅलसहून गाडी चालवत आला होता. डार्लीन मावशी नदीपलीकडून रस्ता बंद व्हायच्या आत पोचली. नोएलीची आई, कॉरिन, ही तिघांतली धाकटी. ती आणि नोएली इथेच, पॉपॉबरोबर राहायच्या. पाच माणसं टेबलाभोवती बसली. चिकोरीच्या कॉफीचा वास, उघड्या खिडकीतून कुणीतरी ट्रम्पेटचा सराव करत असल्याचा आवाज. आजीच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तिच्यावर डार्लीन मावशीची गुलाबी टोपी ठेवलेली होती.

"केक वाकडा झालाय, डॅडी," डार्लीन मावशी म्हणाली.

"तूही जरा वाकडीच झाली होतीस," पॉपॉ म्हणाला. "आम्ही कुठे परत केलं?"

सगळे हसले. पॉपॉने सुरी घेऊन तुकडे केले. मोठ्यांना मोठे, नोएलीला साखरेचा जास्त थर असलेला. खाणं सुरू झालं आणि रसेल मामाने घसा साफ केला. रसेल मामाचं घसा साफ करणं म्हणजे न्यायाधीशाने हातोडी आपटणं.

"मी म्हटलं सगळे एकत्र आहोत तर बोलून घेऊ. आमच्याकडे खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. वेगळं न्हाणीघर, वेगळं दार. डॅडी, तुम्ही यायचं. आणि कॉरिन, तुझ्या नोकरीसाठी मी ज्या शाळेत शब्द टाकला होता, त्यांना सोमवारी उत्तर हवंय. नोएलीसाठीही तीच शाळा."

नोएलीच्या तोंडातला घास तसाच राहिला. तिने आईकडे पाहिलं. आई आपल्या ताटलीकडे पाहत होती.

"ही शेवटचीच मिरवणूक समजा," रसेल मामा म्हणाला. "छान साजरी करू. पण शेवटची."

"कुणी ठरवलं?" पॉपॉने विचारलं.

"अजून कुणी ठरवलं नाही. म्हणून तर बोलतोय."

"मी ठरवलंय. मी येत नाही."

"डॅडी, ऑक्टोबरात तुम्ही कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलंत आणि नदीवर फिरायला निघून गेलात."

"हो."

"भांडं जळून कोळसा. शेजारणीने दार तोडायला माणूस बोलावला."

"दार मीच दुरुस्त केलं," पॉपॉ शांतपणे म्हणाला. "पण हो. विसरलो. खोटं कशाला बोलू?"

"मी एकटी पडते, डॅडी," डार्लीन मावशी मध्येच म्हणाली. तिचा आवाज नरम होता, म्हणून जास्त लागला. "दर वेळी डॉक्टरकडे न्यायला मी पूल ओलांडून यायचं. त्या पुलावरची गर्दी तुम्हाला माहीत आहे. रसेल म्हणतो त्यात काही वावगं नाही."

म्हणजे मावशीही फितली. नोएलीने मनात मोजणी केली. मामा आणि मावशी एका बाजूला, पॉपॉ आणि ती दुसऱ्या. आई कुठल्या बाजूला ते कळेना.

"नोएली," रसेल मामाने मोर्चा तिच्याकडे वळवला, "डॅलस किती मोठं आहे तुला माहितीये? इथे आहे काय, सांग बरं."

"हो, सर. सांगते," नोएली म्हणाली. आमच्याकडे मोठ्यांना असंच उत्तर द्यायचं असतं, भांडणातसुद्धा. "इथे विधानभवनाच्या पायऱ्यांवर राज्यांची नावं कोरलीत. आम्ही दर रविवारी वेगळ्या राज्यावर बसून बर्फाचा गोळा खातो. तुमच्या टेक्ससवर पण बसलोय. फार काही वाटलं नाही."

पॉपॉने कॉफीच्या पेल्यात तोंड लपवलं.

"शिवाय विद्यापीठात खरा वाघ आहे. मॅच असली की आई मला घेऊन जाते, आणि तो स्टेडियमचा आवाज ऐकत कान हलवतो. तळ्यावर पेलिकन येतात. बांधावरून सायकल काढली की नदीतली मोठी जहाजं आपल्याबरोबर चालतात, आणि बहुतेक वेळा मीच जिंकते. आणि पॉपॉ लिफ्ट चालवायचा तेव्हाचे लोक अजून त्याला ओळखतात. वर गच्चीवर गेलं की तो मला आपलं छप्पर दाखवतो."

पॉपॉने अर्धं आयुष्य विधानभवनाच्या मनोऱ्याची लिफ्ट चालवली होती. पार जपानहून आलेल्या माणसांनाही त्याने वरून हे शहर दाखवलं होतं, आणि प्रत्येकाला शेवटी, "ते पत्र्याचं छप्पर दिसतं ना, तिथे माझी बायको आत्ता भात शिजवतेय," असं सांगितलं होतं.

"हे सगळं गोड आहे, पोरी," रसेल मामा म्हणाला, आणि तो खरंच मायेने म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. रात्री फोन वाजला की ज्यांच्या छातीत धस्स होतं अशांपैकी तो एक होता. "पण वाघ काही आजोबांची चूल बंद करायला येणार नाही. बरं ते जाऊ दे. बाळ कुणाला निघालं?"

सगळ्यांनी आपापल्या ताटल्या पाहिल्या. कुणाच्याच ताटलीत बाळ नव्हतं. पॉपॉने थाळीत उरलेला आपला तुकडा बोटांनी कुस्करला. त्यातही नव्हतं. थाळीवर रंगीत साखर उरली होती, बाकी काही नाही.

बाहेरचा ट्रम्पेटवाला थेट टेबलावर बसून वाजवतोय असं वाटलं.

"डॅडी," रसेल मामा हळू म्हणाला, "तुम्ही बाळ घातलं होतंत?"

"घातलं होतं."

"नक्की?"

नोएलीने पॉपॉच्या कपाळावर ती आठी पाहिली, जी कॉफीच्या जळक्या भांड्याकडे बघताना पडली होती. तो स्वतःलाच विचारत होता.

"घातलं होतं," नोएली म्हणाली. "मी केक धरला होता. मला कळलं."

"बाळा." डार्लीन मावशीने तिचा हात धरला. "भांडं जळलं तेव्हा तू ते परसात पुरलंस. कुणाला कळू नये म्हणून. आजोबांवर तुझा जीव आहे, आम्हाला कळतं."

आणि हे खरं होतं. तिने भांडं कमेलियाच्या झुडपाखाली पुरलं होतं आणि शेजारच्या कुत्र्याने ते उकरून काढलं होतं. एकदा कुणाला वाचवायला काही लपवलं की पुढे खरं सांगितलं तरी लोकांना ते लपवणंच वाटतं. नोएलीला हे त्या टेबलावर कळलं, आणि कुणी फळ्यावर लिहून शिकवलं असतं त्यापेक्षा चांगलं कळलं.

"बायबलवर हात ठेवू?" ती म्हणाली.

"नको, नको," पॉपॉ उठला. "रसेल म्हणतो ते असेलही. माझ्या मनात होतं घालायचं. मनात होतं म्हणून घातलं असं वाटलं असेल." त्याने ताटल्या गोळा केल्या. "गम्बो टाकायचा राहिला. रस्त्यावर माणसं जमायला लागली."

"डॅडी, आज गम्बो मी बाहेरून मागवतो," रसेल मामा म्हणाला. "आज तुम्ही चुलीशी नको."

चुलीवर मोठं लोखंडी भांडं काढून ठेवलेलं होतं. पॉपॉने ते उचललं आणि खालच्या कपाटात परत ठेवून दिलं.

ते नोएलीने पाहिलं, आणि मग मात्र तिने ठरवलं. बाळ शोधायचं. छप्पर कोसळलं तरी शोधायचं.

*

आजी व्हर्ना म्हणायची, बाळ शोधायचं तर तुकड्यांकडे बघू नये, माणसांकडे बघावं. ज्याला दाताखाली काही कडक लागतं तो क्षणभर थबकतो.

नोएली ताटल्या पुसता पुसता आठवू लागली. रसेल मामा? तो बोलत होता, खात होता, पुन्हा बोलत होता. तोंडात बाळ घेऊन इतकं बोलता येत नाही. डार्लीन मावशीने तर तुकड्याचे आधी चिमटीएवढे कण केले, तिला दातांचा त्रास होता. पॉपॉने आपला तुकडा खाल्लाच नव्हता, तोच शेवटी कुस्करला. तिला स्वतःला निघालं नव्हतं.

उरली आई.

आईने सकाळपासून काय म्हटलं होतं? नोएली ताटली हातात धरून उभी राहिली. आईने काहीच म्हटलं नव्हतं. रसेल मामाने शाळेचं काढलं, आई गप्प. पॉपॉला विसरभोळा म्हटलं, आई गप्प. पॉपॉवर कुणी बोट उगारलं तर जिच्या जिभेपुढे वकील टिकायचे नाहीत ती आपली आई, विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुलांना "आवाज कमी" म्हणायची नोकरी करणारी आणि घरी येऊन दिवसभराचं साठवलेलं बोलून टाकणारी कॉरिन पोशे, पूर्ण भांडणभर फक्त "हं" करत बसली होती. शिवाय तिची कॉफी अजून टेबलावर तशीच होती. पेला काठोकाठ भरलेला.

नोएलीने फडकं टांगलं आणि ती व्हरांड्यात गेली.

रस्ता माणसांनी फुलला होता. गुलाबी केसांचे टोप, गुलाबी शेपट्या, एका विद्यार्थ्याने तर स्वतःला कोळंबीसारखं रंगवून घेतलं होतं. कुणीतरी कठड्यापलीकडून ओरडलं, "मिस कॉरिन, मिरवणुकीच्या शुभेच्छा," आणि आईने नुसता हात हलवला. ती लाकडी फ्लेमिंगोच्या मानेला फीत बांधत होती. फीत बांधून झाली होती, तरी बांधत होती.

नोएली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने आपला तळवा पुढे केला, आईच्या हनुवटीखाली, बरोब्बर तसा, जसा आई दर रविवारी चर्चमध्ये तिच्या हनुवटीखाली धरायची. च्युइंगम चघळताना पकडलं की.

आईने तळव्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी हसण्यासारखा झाला, मग वेगळाच झाला.

"थुंक," नोएली म्हणाली.

आईने मान खाली केली, आणि गालात दडवलेलं गुलाबी बाळ नोएलीच्या हातात आलं. ओलं, कोमट, जरासं दातांच्या खुणांचं.

कॉरिन पायरीवर बसली. "मी लगेच काढणार होते," ती हळू म्हणाली. "लागलं दाताखाली आणि त्याच क्षणी रसेलने तो विषय काढला. बाळ बाहेर काढलं असतं तर पुढच्या वर्षी मी इथेच आहे, असं सगळ्यांसमोर म्हटल्यासारखं झालं असतं. ते म्हणायचं की नाही, हे माझं ठरलं नव्हतं."

"आणि पॉपॉ?"

"मग ते डॅडींना विचारायला लागले. तेव्हा काढायला हवं होतं. तेव्हाच." तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "जेवढा उशीर होत गेला तेवढं ते बाळ मोठं होत गेलं, नोएली. गालात मावेना."

"तुला जायचंय का डॅलसला?"

"मी दमलेय, बाळा. तुझी आजी गेल्यापासून रात्री डॅडींच्या खोलीतून खुट्ट वाजलं की मी उठते. कधी वाटतं, कुणीतरी म्हणावं, कॉरिन, आता तू झोप, आम्ही बघतो."

आई दमलेली आहे हे नोएलीने शेजारी झोपूनही कधी ऐकलं नव्हतं.

"मग हे त्यांना सांग ना," ती म्हणाली. "पॉपॉ विसरला असं कशाला सांगतेस?"

"मी कुठे सांगितलं?"

"गप्प बसलीस ना."

कॉरिनने मुलीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी ढोलावर हात चालवून बघत होतं. ती उठली, तिने स्कर्ट झटकला आणि नोएलीचा हात धरला. "चल."

*

पॉपॉ टेबलाशी बसला होता. रसेल मामा फोनवर जेवण मागवायच्या खटपटीत होता, आणि आजच्या दिवशी या मोहल्ल्यात गाडी आणायला कुणी तयार नव्हतं.

नोएलीने बाळ पॉपॉसमोर ठेवलं.

पॉपॉने ते उचललं नाही. तो नुसता पाहत राहिला. मग त्याचे खांदे सावकाश खाली आले, जणू सकाळपासून तो काहीतरी डोक्यावर घेऊन बसला होता.

"माझ्या तुकड्यात होतं," कॉरिन म्हणाली. "मी गालात धरलं. डॅडी, तुम्ही काही विसरला नव्हता. मी तुम्हाला तसं वाटू दिलं. चुकले."

रसेल मामाने फोन ठेवला. "गालात? इतका वेळ?"

"म्हणूनच तुझं बोलणं कुणी तोडलं नाही, रसेल. एरवी एवढं बोलायला मिळालं असतं का तुला?"

डार्लीन मावशीला हसू फुटलं. तिने तोंडावर रुमाल धरला, पण रुमालामागून ती थरथरत होती. मग पॉपॉ हसला. रसेल मामाने जरा वेळ घेतला, पण त्याच्याही मिशा हलल्या.

"यात हसण्यासारखं आहे, पण भांडं जळलं ते खरं आहे," तो म्हणाला.

"खरं आहे," कॉरिन म्हणाली. "म्हणून ऐका. मी दमलेय. हे मी तुला फोनवर सांगायला हवं होतं, ते न सांगता मी तुझ्या शाळेला 'बघते' म्हणत राहिले. मला डॅलस नकोय. मला आठवड्यातल्या दोन रात्री झोप हवीय."

मग डार्लीन मावशीने आजीच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली आणि मांडीवर घेतली.

"मंगळवार आणि गुरुवार मी राहीन," ती म्हणाली. "पूल एकदाच ओलांडायचा, रात्री इथेच झोपायचं. जाऊन-येऊन करण्यापेक्षा ते सोपंच की. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"डार्लीन, तू आत्ता माझ्या बाजूला होतीस," रसेल मामा म्हणाला.

"मी त्या पुलाच्या विरुद्ध होते, रसेल. तुझ्या बाजूला नव्हते."

"आणि चूल?"

"चुलीचं माझं मी सांगतो," पॉपॉ म्हणाला. त्याचा आवाज आता पूर्वीच्या लिफ्टवाल्याचा झाला होता, दार लागतंय, हात आत घ्या म्हणणारा. "एकटा असताना मी चूल पेटवणार नाही. कॉफीला ते आपोआप बंद होणारं यंत्र आण, रसेल, तुला एवढी काळजी आहे तर. चव घाण असते त्याची, पिईन मी. पण हे घर आणि हे शहर मी सोडणार नाही. तुझ्या आईचं म्हणून मी लोकांना रोज वरून दाखवायचो ते छप्पर हे. विषय संपला."

रसेल मामा खिडकीशी गेला. बाळांच्या रांगेत एक जुनं, नाक तुटलेलं चिनी मातीचं बाळ होतं. ते त्याचं होतं, तो बारा वर्षांचा असतानाचं. त्याने ते बोटाने जरासं सरळ केलं.

"दर महिन्याला एक शनिवार-रविवार मी येईन," तो खिडकीकडेच बघत म्हणाला. "पण यंत्र मी उद्याच आणणार. आणि ते वापरताय की नाही, हे नोएली मला खरं खरं सांगणार. काही पुरून ठेवायचं नाही."

"हो, सर," नोएली म्हणाली.

"मग राहिलं एकच," पॉपॉने बाळ उचलून कॉरिनसमोर धरलं. "तुझ्या तुकड्यात निघालं. पुढचं वर्ष तुझं. बोल."

कॉरिनने बाळ घेतलं. "कबूल. पण डॅडी, मला रू जमत नाही. दोनदा जाळलीय मी."

तेलात पीठ घालून मंद आचेवर ते ढवळत राहायचं, जुन्या तांब्याचा रंग येतो, मग चॉकलेटचा, तोवर. त्याला आम्ही रू म्हणतो, आणि तिच्याशिवाय गम्बो म्हणजे नुसतं कोंबडीचं पाणी. पळी क्षणभर थांबली की काळे ठिपके पडतात, आणि ठिपके पडलेली रू कुत्रंही खात नाही. दार वाजो, फोन वाजो, घराला वेढा पडो, पळी थांबत नाही.

"मी करेन," नोएली म्हणाली. "पुढच्या वर्षी. आई कोंबडी आणि सॉसेजचं बघेल, रू माझी."

"तू कधी केलीस?" मावशीने विचारलं.

नोएलीने खालचं कपाट उघडलं. लोखंडी भांडं जड होतं. तिने ते पोटाशी धरून बाहेर ओढलं आणि रसेल मामाने न सांगता दुसऱ्या बाजूने हात लावून ते चुलीवर चढवलं.

"आत्ता करते," ती म्हणाली.

पॉपॉने तिला स्टूल दिलं आणि स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसला. तेल त्याने डोळ्यांनी मोजलं, पीठ तिने मुठीने घातलं. सपाट तोंडाची लाकडी पळी तिच्या हातात आली. ती आजीची होती, एका बाजूने झिजलेली, कारण आजी डावखुरी होती.

"आठचा आकडा काढ. कोपरे विसरू नकोस. घाई करू नकोस, आच वाढवू नकोस. रंग येतो तेव्हाच येतो."

मावशी कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची चिरायला बसली. कॉरिनने बाळ धुतलं, पुसलं आणि खिडकीतल्या रांगेत शेवटी ठेवलं. पीठ पांढऱ्याचं पिवळट झालं. मग शेंगदाण्याचं झालं. नोएलीच्या खांद्यात कळ यायला लागली.

आणि तेवढ्यात दूरवरून ढोल ऐकू आले.

"आली," रसेल मामा म्हणाला आणि दाराकडे पळाला, अगदी बारा वर्षांच्या पोरासारखा. मावशीने टोपी डोक्यावर दाबली आणि तीही गेली. रस्त्यावर एकच गलका उठला. विद्यापीठातल्या पोरांचा बँड कोपऱ्यावर वळत होता, त्याचा आवाज भिंतींतून, फरशीतून, स्टुलाच्या पायांतून वर येत होता. खिडकीतली बाळं रांगेत थरथरत होती.

"नोएली," व्हरांड्यातून मावशीची हाक आली, "अगं लवकर ये. घराएवढा फ्लेमिंगो आणलाय, पंख हलवतोय."

नोएलीने मान वर केली. खिडकीतून तिला एक मोठा गुलाबी पंख ओकच्या फांद्यांना घासून जाताना दिसला, त्यावरून माळा पावसासारख्या खाली येत होत्या. वर्षभर ती याचसाठी दिवस ढकलत आली होती.

"जा," पॉपॉ म्हणाला. त्याने हात पुढे केला. "पळी मी धरतो. तू बघून ये."

भांड्यातला रंग आत्ता कुठे तांब्याकडे झुकत होता. चॉकलेटला अजून वेळ होता. आई दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत होती, बाहेर न जाता.

नोएलीने पॉपॉच्या हाताकडे पाहिलं, मग पंखाकडे. पंख खिडकीच्या कडेशी पोचला आणि दिसेनासा झाला.

मग तिने पळी डाव्या हातात घेतली, झिजलेली बाजू भांड्याच्या तळाशी बरोबर बसवली, आणि ढवळत राहिली.